डेक्स्टर गॉर्डनच्या रेकॉर्डी: आधी 'गो' घ्या, बाकीचं नंतर

सॅक्सोफोन गोव्यात कोणालाच नवीन नाही, लग्नाच्या बँडात, फेस्ताला, तियात्रात लहानपणापासून कानावर पडतो, आणि ब्राझ गोन्साल्विससारखे जाझवाले आपल्याच गोव्याचे. तरी फोंड्याकडे आमच्या भजन-नाट्यगीतवाल्या मंडळींत बीबॉप, म्हणजे जाझचा तो वेगवान प्रकार, म्हटलं की लोक आधीच हात जोडतात, फार फास्ट असतं म्हणे, सुरांचा नुसता भडिमार, धरायचं काय तेच कळत नाही. त्यांना मी एकच नाव सांगतो, डेक्स्टर गॉर्डन. टेनर सॅक्स, १९२३ चा लॉस एंजेलिसचा जन्म, साडेसहा फुटी माणूस आणि त्या उंचीला शोभेल असा भरदार आवाज.

त्याची 'गो' ही रेकॉर्ड २७ ऑगस्ट १९६२ ला न्यू जर्सीत रूडी व्हॅन गेल्डरच्या स्टुडिओत रेकॉर्ड झाली, ब्लू नोट कंपनीसाठी, पियानोवर सॉनी क्लार्क, बेसवर बुच वॉरेन, ड्रम्सवर बिली हिगिन्स. या चौघांचं इतकं जमलं होतं की दोनच दिवसांनी त्यांनी 'अ स्विंगिन अफेअर' पण करून टाकली! पहिलंच 'चीज केक', गॉर्डनची स्वतःची चाल, आणि खरी गंमत तिथेच कळते. हिगिन्सची झांज सरळ पुढे चालली आहे आणि गॉर्डन प्रत्येक सूर मात्रेच्या किंचित मागे ठेवतो. वाटतं आता हा मागे पडणार, पण पडत नाही, ओळ संपते तिथे बरोबर पोचलेला असतो. विलंबितात समेच्या अगदी तोंडाशी येऊन निवांत राहणारा गवई ज्यांनी ऐकलाय त्यांना हे समजावून सांगायला नको, फक्त इथे लय चांगली चढी आहे. कुठे घाई म्हणून नाही.

'आय गेस आय'ल हँग माय टिअर्स आउट टू ड्राय' हे संथ गाणं मात्र दिवे-बिवे घालवून नाही, लक्ष देऊन ऐका, कारण तो गाण्याचे शब्द वाजवतो. नुसती चाल नाही, शब्द. स्टेजवर संथ गाणं सुरू करायच्या आधी तो त्याच्या ओळी आपल्या खर्जातल्या आवाजात म्हणून दाखवायचा, मग सॅक्स तोंडाला लावायचा. रेकॉर्डवर ते बोलणं नाही, पण वाक्य कुठे तोडायचं, श्वास कुठे घ्यायचा, कुठल्या शब्दावर थांबायचं हे सगळं वाजवण्यात आहे. नाट्यगीत ऐकून वाढलेला कान हे लगेच पकडतो, म्हणूनच मी म्हणतो की आपल्या लोकांनी बीबॉपला इथून सुरुवात करावी. शेवटच्या 'थ्री ओ'क्लॉक इन द मॉर्निंग'ला सुरुवातीला घड्याळाचे टोले येतात तेही झकास.

आता बाकीचं. तरुणपणीचा गॉर्डन हवा तर १९४७ चं 'द चेस', वॉर्डेल ग्रेबरोबरची जुगलबंदी, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकडीच्या दोन बाजूंवर मिळून, आवाज जुना आहे पण दोन टेनर एकमेकांना सोडत नाहीत. मग ड्रग्ज, तुरुंग, पन्नासच्या दशकात फार थोडं रेकॉर्डिंग, आणि १९६१ पासून ब्लू नोटवर परत उभा राहिला. माझी दुसरी पसंती १९६३ ची 'आवर मॅन इन पॅरिस'. त्यातल्या पियानोवाल्या बड पॉवेलला नवीन रचना वाजवायच्या नव्हत्या म्हणून सगळी जुनी ओळखीचीच गाणी घेतली, आणि त्यातलं 'अ नाइट इन ट्युनिशिया' ऐका, अंगावर काटा येतो. १९६४ च्या 'वन फ्लाइट अप'मध्ये 'तान्या' एक अख्खी बाजू घेतं, आणि त्यात बेस वाजवणारा नील्स-हेनिंग ऑर्स्टेड पेडरसन तेव्हा जेमतेम अठराचा!

कोपनहेगनच्या माँमार्त्र क्लबमधली १९६४ ची रेडिओ रेकॉर्डिंग्स नंतर स्टीपलचेस कंपनीने काढली, ती बरीच आहेत, सगळी घ्यायची गरज नाही. एखादी घ्या, त्याचं ते आरामात बोलणं ऐकायला. एक तक्रार आहे माझी, सोलोच्या मधेच दुसऱ्याच गाण्याचा तुकडा घुसवायची त्याला सवय, 'गो'मध्ये ते गोड लागतं पण नंतरच्या लाइव्ह रेकॉर्डींत कधीकधी अति होतं आणि चाललेला विचार तुटतो. १९७६ ची 'होमकमिंग' त्याला अपवाद, बरीच वर्षं युरोपात काढून न्यूयॉर्कला परत आलेला माणूस, ट्रंपेटवर वुडी शॉ, आणि तिथल्या व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबमधले लोक नुसते पेटलेत.

१९८६ चा 'राउंड मिडनाइट' सिनेमा बघा, त्यातल्या अभिनयासाठी गॉर्डनला ऑस्कर नॉमिनेशन होतं. सिनेमाचं साउंडट्रॅक मात्र पहिली खरेदी म्हणून नको, तोवर दम कमी झाला होता, आधीचा गॉर्डन माहीत असेल तरच त्या वाजवण्याची किंमत कळते.

माझी 'गो' रीइश्यू, म्हणजे नंतर पुन्हा काढलेली, आहे, कुरिअरने येताना कव्हराचा एक कोपरा दुमडला पण तबकडी सपाट आणि शांत, संथ गाण्यातही खरखर नाही. आपल्या पावसाळ्यात कव्हरला बुरशी धरते, तेव्हा कागदी आतलं पाकीट काढून प्लॅस्टिकचं घाला आणि भिंतीला टेकवून ठेवू नका. प्लेअर नसेल तर स्ट्रीमिंगवर ऐका, पण 'बेस्ट ऑफ' नको, अख्खी 'गो' क्रमाने लावा.