कुळे ते दूधसागर: आईला घेऊन केलेली जीपफेरी

माझ्या आईचे माहेर बेळगावचे. लग्न होऊन ती फोंड्याला आली तेव्हा बेळगाव-गोवा रेल्वेमार्गावर मीटरगेज गाडी धावत असे आणि माहेरी जाता-येता दूधसागर तिला खिडकीतून जेमतेम अर्धा मिनिट दिसायचा. नव्वदच्या दशकात रूळ रुंद झाले, गाड्या बदलल्या, तिचे पाहणे मात्र तेवढेच राहिले. गेल्या नोव्हेंबरात मी तिला गोव्यातल्या कुळे येथून जीपने धबधब्याच्या पायथ्याशी घेऊन गेलो. घरातल्या वडीलधाऱ्यांना तिथे न्यावे की नाही, असा विचार करणाऱ्यांच्या उपयोगी पडावा म्हणून हा अनुभव लिहीत आहे.

पावसाळ्यात ही जीपसेवा बंद असते. ओढ्यांचे पाणी उतरले की साधारण ऑक्टोबरात ती सुरू होते. माझ्या मते दिवाळीनंतरचे दिवस सर्वांत चांगले, कारण तेव्हा धबधब्याला पाणी भरपूर असते आणि पायवाट वाळलेली असते. एप्रिल-मेमध्ये आलेल्या माणसाला त्या कड्यावर पाण्याच्या काही धारा तेवढ्या दिसतात. शनिवार-रविवार टाळून सकाळी आठच्या आधी कुळे येथे पोहोचावे. एका जीपमध्ये सात प्रवासी बसवतात, त्यामुळे आम्हाला दुसऱ्या एका कुटुंबासोबत जागा मिळाली. लाइफ जॅकेट सक्तीचे आहे. ते घेताना पट्ट्याचे बक्कल नीट बसते ना, हे तिथेच ओढून पाहावे. माझ्या हाती आलेले पहिले जॅकेट मला बदलून घ्यावे लागले.

रस्ता भगवान महावीर अभयारण्यातून जातो. डांबर नाही, तांबडी माती आणि मोठमोठे दगड आहेत, आणि मध्येच ओढा आडवा येतो. पहिल्या ओढ्यापाशी आमच्या चालकाने गाडी थांबवली, पाणी किती आहे ते पाहिले, पहिला गिअर टाकला आणि पलीकडचा काठ येईपर्यंत क्लचला पाय लावला नाही. दाराच्या फटीतून पाणी आत आले तेव्हा आईने पायांतल्या चपला काढून मांडीवर घेतल्या. ‘मावशी, वरची दांडी धरा,’ एवढेच तो म्हणाला, आणि पुढचा प्रत्येक खड्डा येण्यापूर्वी त्याने तिला आवर्जून सांगितले. या सेवेतली मला सर्वांत आवडलेली गोष्ट हीच, की चालकाला रस्त्याइतकीच मागे बसलेल्या माणसांचीही जाण होती. तरीही ज्यांना पाठीचे किंवा मणक्याचे दुखणे आहे, त्यांनी हा प्रवास करू नये असे मी स्पष्टपणे सांगेन.

जीप थेट धबधब्यापर्यंत जाते, असे मला फोनवर एका मध्यस्थाने सांगितले होते. ते खोटे निघाले. जीप थांबते तिथून पुढे झाडांच्या मुळांवरून आणि गुळगुळीत दगडांवरून चालावे लागते. धडधाकट माणसाला ते अंतर काहीच वाटणार नाही, पण आईला पोहोचायला पाऊण तास लागला, आणि हे आधी कळले असते तर मी तिच्यासाठी काठी आणि रबरी तळव्याचे बूट घेऊन आलो असतो. वाटेत माकडे आहेत. खाण्याची पिशवी हातात धरून चालू नये.

आणि मग दूधसागर समोर येतो. चार टप्प्यांत मिळून सुमारे ३१० मीटर उंचीवरून पाणी खाली येते, आणि डोहाच्या काठावर उभे राहिले की तुषारांनी चेहरा भिजतो. धबधब्याच्या मध्यावर रेल्वेचा दगडी पूल आहे. आम्ही असतानाच वरून एक मालगाडी घाट चढत गेली. कुळे ते घाटमाथ्यावरचे कॅसलरॉक हा चढ ३७ फुटांना एक फूट इतका तीव्र असल्यामुळे गाडीला जादा इंजिने लावावी लागतात आणि त्यांचा घरघराट पाण्याच्या आवाजातूनही खाली ऐकू येत होता. आई मान वर करून शेवटचा डबा जाईपर्यंत पाहत राहिली. ‘आपण एवढ्या उंचावरून जायचो?’ तिने विचारले. (रुळांवरून चालत धबधब्याकडे जाण्यास बंदी आहे, आणि बोगद्यांचा हा मार्ग पाहता ती पाळलीच पाहिजे.)

डोहात उतरणाऱ्यांनी जॅकेट काढू नये. काठापासून थोड्याच अंतरावर पाणी खोल होते. आई काठावरच्या एका काळ्या खडकावर पाय सोडून बसली होती. हेच पाणी पुढे खांडेपार नदीतून ओपाच्या पाणीपुरवठा प्रकल्पापर्यंत आणि तिथून आमच्या फोंड्याच्या नळापर्यंत येते, हे मी तिला सांगितले, तेव्हा तिने ओंजळ भरून पाणी तोंडावर घेतले. त्याच खडकाच्या कपारीत चिप्सची दोन रिकामी पाकिटे अडकली होती. ती मी काढून घेतली, पण अशी आणखी किती असतील या विचाराने फार वाईट वाटले. प्लॅस्टिकबाबतचा नियम जंगलाच्या प्रवेशद्वाराइतकाच डोहाच्या काठावरही कसोशीने पाळून घेतला गेला पाहिजे.

परतल्यावर ज्या खानावळीत जेवलो तिथला भात गार होता. घरून डबा नेणे बरे. चालक परतीची वेळ ठरवून देतो आणि ती आम्हाला अपुरी पडली, कारण आमचा बराच वेळ चालण्यात गेला. वयस्कर माणूस सोबत असेल तर हे चालकाला आधीच सांगून ठेवावे. आमच्या चालकाने न कुरकुरता वीस मिनिटे जास्त थांबून घेतले. पैसे पूर्णपणे वसूल झाले, असे मी म्हणेन.

डिसेंबरात मामाकडे जाताना आईने खिडकीची जागा मागून घेतली. पूल आला तेव्हा सगळा डबा धबधब्याकडे पाहत होता, आणि ती काचेला कपाळ टेकवून खाली तो काळा खडक शोधत होती.