जामोवी रिव्ह्यू: विद्यार्थ्यांच्या फीडबॅकचा डेटा असेल तर घ्याच, फक्त एक मॉड्यूल सोबत टाका

युनिव्हर्सिटीतल्या विद्यार्थ्यांचा फीडबॅक, सॅटिस्फॅक्शन सर्व्हे, ॲडमिशनचे आकडे, मधेच शिक्षण सोडून गेलेल्यांच्या याद्या असलं काहीतरी ज्यांच्या गळ्यात पडतं त्यांच्यासाठी हा रिव्ह्यू आहे. आकडेवारीचं विश्लेषण करायच्या या सॉफ्टवेअरचं नाव जामोवी. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, आतून सगळं आर या संख्याशास्त्राच्या प्रोग्रामिंग भाषेवर चालतं आणि वरून मात्र साधी स्प्रेडशीट दिसते, त्यामुळे कोड बघितला की ज्यांना घाम फुटतो त्यांचीही सोय होते. जास्प नावाचं असंच फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यावर आधी काम केलेल्या मंडळींनीच हे पुढे बनवलं. एसपीएसएस हे याच कामाचं जुनं सॉफ्टवेअर १९६८ पासून आहे, आता आयबीएमचं आहे आणि त्याचं लायसन्स विकत घ्यावं लागतं, त्याच्या फायली जामोवीत सरळ उघडतात, म्हणजे जुना डेटा वाया जात नाही.

वापरायला एकदम सुटसुटीत. डावीकडे डेटा, उजवीकडे रिझल्ट, मधे ऑप्शन. टिक केली की टेबल लगेच बदलतं, ओके वगैरे दाबायची भानगडच नाही. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे सेव्ह केलेली फाइल कितीही दिवसांनी उघडा, एखाद्या टेबलवर क्लिक केलं की ते कुठले ऑप्शन लावून काढलं होतं ते जसंच्या तसं समोर येतं. मागच्या वर्षीचा रिपोर्ट कोणी कसा काढला हे शोधत बसण्याचा वैताग ज्यांनी सोसलाय त्यांना याची किंमत कळेल. डेटा आत घेतल्या घेतल्या एक काम मात्र करा, प्रत्येक कॉलमचा प्रकार तपासा. नॉमिनल (नुसती नावं किंवा कोड), ऑर्डिनल (क्रम असलेली उत्तरं), कन्टिन्युअस (सलग आकडे) की आयडी (ओळख क्रमांक) हे जामोवी अंदाजाने ठरवतं आणि अंदाज तो अंदाजच, विभागाचा कोड कन्टिन्युअस म्हणून राहिला तर त्याची सरासरीसुद्धा गुपचूप काढून देईल, आणि तीन पूर्णांक सात क्रमांकाचा विभाग जगात कुठेच नसतो.

फीडबॅक फॉर्मचं काम बहुतेक वेळा रिलायबिलिटीपासून, म्हणजे सगळे प्रश्न एकमेकांशी कितपत जुळतात हे बघण्यापासून, सुरू होतं. त्याची मापं, अल्फा (क्रोनबाखचा, १९५१ चा) आणि ओमेगा, दोन्ही एकाच पॅनलमध्ये मिळतात. समजा फॉर्ममध्ये बाकी सगळे प्रश्न ‘शिक्षक वेळेवर येतात’ या थाटाचे आहेत आणि मधेच एक ‘या विषयाचे तास बुडाले तरी काही बिघडत नाही’ असा उलटा प्रश्न टाकलाय. तो तसाच ठेवला तर अल्फा धाडकन खाली येतो आणि टेबलाखाली बारीक अक्षरात टीप दिसते की हा प्रश्न एकूण स्केलशी उलट्या दिशेने जातोय, बहुधा उलटवायला हवा. तो उचलून ‘रिव्हर्स स्केल्ड’ च्या खोक्यात टाकायचा, अल्फा डोळ्यादेखत वर चढतो. ज्यांना शिकवायचंय त्यांनी हे वर्गात लाइव्ह दाखवावं, अर्ध्या तासाचं लेक्चर वाचेल. एक लक्षात असू द्या, साधारण एकाच पठडीतले प्रश्न वाढवत नेले की अल्फा आपोआप वाढतो, त्यामुळे चाळीस प्रश्नांच्या फॉर्मचा अल्फा बघून फार हुरळून जायचं कारण नाही.

या उलट्या प्रश्नाचा अजून एक उपयोग आहे. जे विद्यार्थी फॉर्म उघडतात, सगळीकडे पाच दाबतात आणि निघून जातात ते पकडायचे असतील तर नवीन कॉम्प्युटेड कॉलम घ्यायचा, त्यात एसटीडीईव्ही फंक्शनमध्ये सगळे प्रश्न द्यायचे (उलटवायच्या आधीचे हां), ते ओळीओळीने स्टँडर्ड डेव्हिएशन (उत्तरं किती विखुरलीत ते) काढतं, सगळी उत्तरं एकच असतील तर ते शून्य येतं, मग शून्यापेक्षा मोठं असा फिल्टर लावायचा. शून्यवाल्या ओळींपुढे लाल फुली येते आणि सगळे रिझल्ट त्या सोडून पुन्हा मोजले जातात. उलटा प्रश्नच नसेल तर मात्र जपून, खरोखर खूश असलेला विद्यार्थीही सगळीकडे पाच देऊ शकतो आणि त्याला फुली मारायचा आपल्याला काय अधिकार?

आता ॲडमिशनचा डेटा. इथे कन्टिन्जन्सी टेबलमध्ये ‘लेयर्स’ नावाचं छोटं खोकं आहे, बहुतेक लोक त्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाचा १९७३ चा प्रवेशांचा डेटा घ्या, त्यातल्या सहा मोठ्या विभागांचे आकडे आर मध्ये आयतेच येतात, चोवीस ओळींचं टेबल आहे, संख्येचा कॉलम ‘काउंट्स’ मध्ये टाकायचा. एकत्र बघितलं तर २६९१ पुरुष अर्जदारांपैकी ११९८ ना प्रवेश, म्हणजे सुमारे ४५ टक्के, आणि १८३५ स्त्रियांपैकी ५५७ ना, म्हणजे ३० टक्के. सरळसरळ भेदभाव वाटतो ना? विभाग लेयर्समध्ये टाका. ए विभागात पुरुष ६२ टक्के आणि स्त्रिया ८२ टक्के! बाकीच्या विभागांत फरक कधी इकडे कधी तिकडे, पण किरकोळ. झालं असं की जिथे प्रवेश सहज मिळत होता त्या ए आणि बी मध्ये निम्म्याहून जास्त पुरुषांनी अर्ज केले होते, स्त्रिया मिळून फक्त १३३, बाकी सगळ्या जास्त कापाकापी असलेल्या विभागांकडे वळलेल्या. सिम्प्सनचा विरोधाभास म्हणतात तो हाच. जामोवीत हे सगळं एका ड्रॅगमध्ये दिसतं, पण ड्रॅग कुठला करायचा ते तुम्हालाच सुचावं लागतं, सॉफ्टवेअर काही ‘अहो विभाग राहिला’ म्हणून ओरडत नाही.

आणि माझी खरी तक्रार याच जातीची आहे. विद्यार्थी एकटे हवेत तरंगत नसतात, ते वर्गात बसतात, वर्ग विभागात असतो. एका वर्गातल्या मुलांना शिक्षक तोच, खोली तीच, टाइमटेबल तेच, त्यामुळे त्यांची मतं एकमेकांसारखी होतात. समजा २५ वर्ग, प्रत्येकात ४१ जण, एकूण १०२५ फॉर्म. एकाच वर्गातल्या उत्तरांचं आपसातलं साम्य, म्हणजे आयसीसी, फक्त ०.१ धरू. डिझाइन इफेक्ट, म्हणजे या साम्यामुळे फॉर्मची संख्या कितीने भागायची तो आकडा, निघतो १ + (४१ − १) × ०.१ = ५. म्हणजे एकूण सरासरी काढताना तुमच्या १०२५ फॉर्ममध्ये माहिती आहे साधारण २०५ स्वतंत्र विद्यार्थ्यांइतकीच! आणि आपण काय करतो, ‘प्रोजेक्टर असलेले वर्ग विरुद्ध नसलेले’ असा टी टेस्ट (दोन गटांच्या सरासरींची तुलना) लावतो, १०२५ च्या जोरावर पी व्हॅल्यू (खरा फरक नसताना निव्वळ योगायोगाने इतका फरक दिसण्याची शक्यता) ०.००१ येते आणि रिपोर्टात ठळक अक्षरात छापली जाते. टी टेस्ट जामोवीत वरच्या मेनूत समोरच आहे, दोन क्लिकमध्ये तयार. यावरचा इलाज, मिक्स्ड मॉडेल (वर्गावर्गातला फरक हिशेबात धरणारं), बेसमध्ये, म्हणजे मूळ सॉफ्टवेअरमध्ये, येतच नाही. त्यासाठी वरच्या कोपऱ्यातल्या प्लसवर जाऊन लायब्ररीतून गॅमएलजे नावाचं मॉड्यूल (वरून जोडायचा भाग) टाकावं लागतं. फुकटच आहे आणि चांगलं आहे, वर्गाचा कॉलम क्लस्टरमध्ये टाकला, रँडम इंटरसेप्ट (प्रत्येक वर्गाची आपली वेगळी पातळी) निवडला की आयसीसीसुद्धा टेबलात येतो. पण ज्याला त्याची गरज आहे हेच माहीत नाही तो लायब्ररीत जाणार कशाला? म्हणून माझ्याकडून पाचपैकी चार, गॅमएलजे टाकलं तर साडेचार.

बाकी किरकोळ गोष्टी पटकन सांगते. कन्फर्मेटरी फॅक्टर अनॅलिसिस (प्रश्नांचे ठरवलेले गट डेटात खरंच दिसतात का ते तपासणं) बेसमध्ये आहे, पण एक ते पाचच्या उत्तरांना ते सलग आकडे समजतं, ऑर्डिनल म्हणून हाताळायचं असेल तर एसईएमएलजे हे वेगळं मॉड्यूल आहे, ते आर मधल्या लॅव्हान पॅकेजवर चालतं. सर्वक्वाल ही सेवेचा दर्जा मोजायची प्रश्नावली (१९८८ ची, २२ प्रश्न आणि पाच पैलूवाली) उच्च शिक्षणाला चिकटवून त्याचे पाच पैलू खरंच निघतात का हे तपासायला निघालेल्यांना हे लागेलच. शिक्षण कोण सोडतं यापेक्षा कधी सोडतं हे बघायचं असेल, आणि बघावंच, कारण आज शिकत असलेला विद्यार्थी उद्या सोडणारच नाही असं नसतं, तर सर्व्हायव्हल अनॅलिसिसही मॉड्यूलमधूनच करायचं. अर्धवट भरलेले फॉर्म खूप असतील आणि मल्टिपल इम्प्युटेशन (गाळलेली उत्तरं अनेक वेळा अंदाजाने भरून बघणं) करायचं असेल तर सरळ आर कडे जा. तिकडे जायचा रस्ताही इथूनच आहे, तीन टिंबांच्या मेनूत सिंटॅक्स मोड चालू केला की प्रत्येक टेबलाच्या वर त्याचा आर कोड दिसतो, तो कॉपी करून तिकडे चालवा. आर शिकायला घाबरणाऱ्यांना मी हाच मार्ग सुचवते.

एक गोष्ट कुठल्याच सॉफ्टवेअरच्या हातात नाही. सॅटिस्फॅक्शनची सरासरी म्हणजे शिक्षणाचा दर्जा नव्हे. उट्टल आणि सहकाऱ्यांचं २०१७ चं मेटा-अनॅलिसिस (अनेक अभ्यासांचा एकत्र हिशेब) आहे, त्यात विद्यार्थ्यांनी शिक्षकांना दिलेले गुण आणि विद्यार्थी प्रत्यक्ष किती शिकले यांचा जवळजवळ काहीच संबंध सापडला नाही. त्यामुळे जामोवीतून निघालेला सुंदर बार चार्ट घेऊन कोणाचं प्रमोशन ठरवायला बसणाऱ्यांना लांबूनच नमस्कार.

आणि फाइल पाठवताना सांभाळा. ओएमव्ही, म्हणजे जामोवीच्या स्वतःच्या, फाइलमध्ये फक्त टेबलं नसतात, अख्खा कच्चा डेटा आत असतो, रोल नंबर, विभाग, ‘अजून काही सांगायचंय का’ मध्ये पोरांनी मोकळेपणाने लिहिलेलं सगळं. कमिटीला फक्त रिझल्ट दाखवायचे असतील तर पीडीएफ किंवा एचटीएमएल एक्स्पोर्ट करून द्या, आणि कोणी ओएमव्हीच मागितली तर ओळख पटेल असे कॉलम आधीच काढलेल्या डेटावर अनॅलिसिस करून ती फाइल द्या, कारण नंतर कॉलम उडवलात तर त्यावर उभी असलेली टेबलंही कोसळतात.