झोरिसोने बनवलेली माझी रेस्क्यू आयएसओ: सात महिन्यांनंतर

नाशिकला सिडकोत, त्रिमूर्ती चौकाच्या मागे, माझं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. बिघडलेला लॅपटॉप पेन ड्राइव्हवरून सुरू करायला डेबियन या लिनक्सवरून स्वतःची रेस्क्यू आयएसओ (बूट होणारी डिस्क-फाइल) बनवली, तीही झोरिसो या आयएसओ बनवायच्या प्रोग्रामने. ती सात महिने रोज वापरतोय. आता कुरकुर फारशी नाही, पण पहिले पंधरा दिवस डोकं धरून बसलो होतो.

जुन्या डेस्कटॉपवर पहिलीच आयएसओ झक्कास चालली. नव्या लॅपटॉपच्या बूट मेनूत मात्र पेन ड्राइव्हचं नावच नाही. चूक माझीच. सीडीवरून बूट करायची एल टोरिटो पद्धत १९९५ सालची. तिच्या कॅटलॉगमध्ये, म्हणजे बूट फाइलींच्या यादीत, मी फक्त बायोसची, म्हणजे जुन्या मशीनच्या फर्मवेअरची (मशीन सुरू करणाऱ्या आतल्या प्रोग्रामची) नोंद केली होती. नव्या मशीनच्या फर्मवेअरला, यूईएफआयला, वेगळी नोंद लागते, छोट्या फॅट इमेजची (बूट फाइली ठेवलेल्या छोट्या डिस्क-प्रतीची). तीही घातली. व्हर्च्युअल मशीनमध्ये (सॉफ्टवेअरमधल्या नकली कॉम्प्युटरवर) सीडी म्हणून लगेच चालू! पेन ड्राइव्हवरून पुन्हा शुकशुकाट. पेन ड्राइव्ह असला की फर्मवेअर सहसा एल टोरिटोकडे ढुंकून बघत नाही, पार्टिशन टेबलात (ड्राइव्हच्या भागांच्या यादीत) ईएफआय पार्टिशन, म्हणजे बूट फाइलींचा भाग, शोधतं. तीच फॅट इमेज झोरिसोचा 'अपेंड पार्टिशन' पर्याय वापरून जोडली, तेव्हा कुठे मेनू उगवला. व्हर्च्युअल मशीनमध्ये चाललं म्हणून पेढे वाटू नका.

आता सिक्युअर बूट, म्हणजे मान्य डिजिटल सही असलेलेच बूट प्रोग्राम चालू देणारी यूईएफआयची सोय. "बंद करून टाक ना," असं सगळेच सांगतात. मीही एकदा केलं. पिंपळगाव बसवंतचे द्राक्ष व्यापारी, ऐन फेब्रुवारी, एक्स्पोर्टची सगळी कागदं त्याच लॅपटॉपवर. विंडोज सुरू करताच बिटलॉकरने (विंडोजच्या डिस्क-कुलपाने) हा बदल बघून ४८ आकडी रिकव्हरी की मागितली. "भाऊ, मी असली चावी कधी बनवलीच नाही," म्हणाले. शेवटी मुलाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडली. तोवर माझा चहा गार आणि हातपायही.

तेव्हापासून सिक्युअर बूट चालूच ठेवतो. डेबियनचा सहीवाला शिम (सिक्युअर बूटला चालणारा पहिला छोटा प्रोग्राम) 'बूटएक्स६४' या नावाने ठेवला, शेजारी सहीवाला ग्रब, म्हणजे बूट मेनू दाखवून लिनक्स सुरू करणारा प्रोग्राम. गोम अशी की नेहमीचा सहीवाला ग्रब आपली कॉन्फिग (मेनूची सेटिंग फाइल) ईएफआयमधल्या डेबियन फोल्डरात शोधतो, त्यामुळे मेनूऐवजी नुसता ग्रबचा प्रॉम्प्ट लुकलुकत बसला. त्याच पॅकेजात 'जीसीडीएक्स६४' असतो, खास सीडी-पेन ड्राइव्हसाठी. शिम शोधतो ते 'ग्रबएक्स६४' हे नाव त्याला दिलं, झालं. यात माझे दोन रविवार गेले.

जुन्या ॲटम टॅबलेटवर अजून चालत नाही: प्रोसेसर ६४ बिटी, फर्मवेअर ३२ बिटी, त्याला 'बूटआयए३२' ही ३२ बिटी बूट फाइल हवी. सात महिन्यांत असे दोनच आले. त्यांच्यासाठी वेगळा पेन ड्राइव्ह गल्ल्यात टाकलाय.