पदव्युत्तर शिक्षण: जर्मनी की ब्रिटन?

धरमपेठेत राहणारी माझी भाची यांत्रिकी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असून पुढे जर्मनी की ब्रिटन, यावर घरात रोज बैठक भरते. सल्लागारांची चकचकीत माहितीपत्रके मी बाजूलाच ठेवली.

जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठे शिक्षणशुल्क घेत नाहीत. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात मात्र युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना प्रतिसत्र १५०० युरो भरावे लागतात, शिवाय राज्य कोणतेही असो, व्हिसासाठी वर्षभराच्या निर्वाहाचे ११,९०४ युरो सहसा ब्लॉक्ड खात्यात, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात, आधीच ठेवावे लागतात. ब्रिटनमधील शुल्क भरमसाट, पण अभ्यासक्रम बहुधा एकाच वर्षाचा. जर्मनीत साधारण दोन वर्षे जातात.

खरी मेख विषयबदलात आहे. जर्मन विद्यापीठे पदवीतील विषय आणि श्रेयांक बारकाईने तपासतात, त्यामुळे यांत्रिकीतून थेट मानसशास्त्राकडे वळणे तेथे जवळपास अशक्य, तर ब्रिटनमध्ये त्यासाठीच कन्व्हर्जन अभ्यासक्रम आहेत. भाषेचे म्हणाल, तर जर्मनीत इंग्रजीतून शिकता येते, पण नोकरी शोधताना जर्मन येत नसल्याची अडचण फार जाणवते.

शाखा बदलायची असेल, वेळ कमी असेल आणि कर्ज पेलण्याची तयारी असेल, त्यांनी ब्रिटन निवडावे. आपल्याच शाखेत खोलवर जायचे असेल त्यांनी जर्मनी. भाचीचा जीव इंजिनांतच रमतो, तेव्हा तिने आजपासून जर्मनचा वर्ग लावावा.