टायमिंग बेल्ट बदलताना वॉटर पंपही बदला: उद्यमनगरातल्या गॅरेजचा अनुभव

माझी गाडी रेनॉ डस्टर, २०१४ ची, दीड लिटर डिझेल. मी जनावरांची डॉक्टर. पन्हाळा-शाहूवाडीकडच्या गोठ्यांवर रात्री-अपरात्री जावं लागतं. म्हैस अडलेली असताना गाडी वाटेत बंद पडली तर काय, या धास्तीनेच गेल्या महिन्यात कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या एका छोट्या गॅरेजमध्ये टायमिंग बेल्टचं, म्हणजे इंजिनाचे फिरणारे भाग एका तालात ठेवणाऱ्या रबरी पट्ट्याचं, काम करून घेतलं.

हा बेल्ट पाच वर्षांपूर्वी दुसऱ्या एका वर्कशॉपमध्ये बदलला होता. तिथे "पंप चांगला आहे, कशाला खर्च" म्हणून वॉटर पंप, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं कूलंट फिरवणारा पंप, जुनाच ठेवला. या इंजिनात वॉटर पंप टायमिंग बेल्टवरच फिरतो, हे मला कुणी सांगितलं नाही. यंदा कूलंट दर आठ-दहा दिवसांनी थोडं कमी व्हायला लागलं. खाली जमिनीवर थेंबही नाही. सकाळी गाडी सुरू केली की बारीक कुईं आवाज यायचा. त्याच वर्कशॉपने कूलंट भरून मला परत पाठवलं.

उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी आवाज ऐकला आणि बेल्ट किती चालला ते विचारलं. मी म्हटलं, ५२ हजार.

"आणि वर्षं?"

"पाच."

"मग झालंच की, डॉक्टर. गाडी उभी असली तरी रबर म्हातारं होतंयच."

मी इतके दिवस फक्त किलोमीटर मोजत होते. मॅन्युअलमध्ये किलोमीटर आणि वर्षं असे दोन्ही आकडे असतात, आणि त्यातला जो आधी भरेल तो धरायचा. हा बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनातल्या हवेच्या झडपा, उघडे राहतात, खालून पिस्टन येऊन त्यांच्यावर आदळतो आणि व्हॉल्व्ह वाकतात. मग इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, उतरवावंच लागतं.

संध्याकाळी त्यांनी जुने पार्ट माझ्या हातात दिले. पंपाचा शाफ्ट दोन बोटांत धरून हलवला तर चक्क खालीवर होत होता. सीलजवळच्या बारीक भोकाभोवती वाळलेल्या कूलंटचा पांढरट थर होता. गळणारं कूलंट गरम इंजिनावरच सुकत होतं, म्हणून जमीन कोरडी. बेल्ट वरून धडधाकट दिसत होता, पण उलटा वाकवल्यावर दातांच्या मुळाशी केसासारख्या चिरा दिसल्या. बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर कानाजवळ धरून फिरवला, तर वाळू भरल्यासारखी खरखर. हे सगळं घेऊन मी घाटातून फिरत होते, या विचाराने पोटात गोळा आला.

बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप, क्रँकचं (पिस्टनच्या जोरावर फिरणाऱ्या मुख्य दांड्याचं) ऑइल सील आणि बाहेरचा अल्टरनेटरचा पट्टा, सगळं नवीन टाकलं. बाहेरच्या पट्ट्याबद्दल मी का-कू केली होती. तो फाटला तर त्याचे धागे कव्हरच्या आत ओढले जाऊन टायमिंग बेल्टमध्ये अडकू शकतात, हे मिस्त्रींनी समजावलं तेव्हा पटलं. क्रँक पुलीचा बोल्ट जुनाच परत लावायला त्यांनी साफ नकार दिला. नवा पुण्याहून मागवला, त्यात एक दिवस गेला.

बेल्ट बसवताना कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि क्रँक पिना घालून लॉक केले. मग पिना काढून इंजिन हाताने, पान्याने, पूर्ण दोन फेरे फिरवलं आणि पिना परत घालून पाहिल्या. अलगद बसल्या, तेव्हाच चावी मारली. जनावराला टाके घातल्यावर मी जशी गाठ पुन्हा तपासते, तसंच.

पार्ट ११,२०० आणि मजुरी ४,५००, एकूण १५,७०० रुपये. बेल्ट बदलताना पंप उघडाच पडतो, त्यामुळे त्याची वेगळी मजुरी त्यांनी लावली नाही. म्हणजे पाच वर्षांपूर्वी फक्त पंपाची किंमत देऊन माझं काम झालं असतं.

तक्रारी दोनच. फोन पहिल्या खेपेला कधी उचलत नाहीत, आणि बसायला जागा नाही, म्हणून गाडी सोडून निघून यावं लागतं. गर्दी असते, चार दिवस आधी सांगून ठेवा. मी आता भावाची जुनी लोगनही इथेच नेणार आहे. तिचा बेल्ट कधी बदलला होता, हे घरात कुणालाच आठवत नाही. माझ्या गाडीत मात्र मिस्त्रींनी बॉनेटच्या आतल्या बाजूला तारीख, किलोमीटर आणि बदललेल्या पार्टची नावं लिहिलेला स्टिकर लावून दिलाय.