जुने फोटो, निगेटिव्ह आणि घरचा स्कॅनर: कुठला घ्यावा?

स्कॅनरच्या खोक्यावरचा डीपीआयचा (दर इंचात किती बिंदू टिपतो, त्याचा) आकडा नंतर बघा, आधी घरातला निगेटिव्हचा डबा उघडा. पट्टीच्या दोन्ही कडांना भोकं असतील तर ती ३५ मिमी. भोकं नसतील आणि पट्टी जवळपास सहा सेंटिमीटर रुंद असेल, तर तो १२० चा रोल. साठ-सत्तरच्या दशकात ज्यांच्या घरी बडोद्यात बनलेला आग्फा क्लिक थ्री होता, त्यांच्याकडे हा दुसरा प्रकार हमखास निघतो. एका रोलमध्ये बारा चौरस फोटो, बहुतेक कृष्णधवल.

डब्यात निगेटिव्ह नाहीतच, नुसते प्रिंट आहेत, तर फार खर्च करू नका. कॅननचा लाइड ४०० किंवा एप्सनचा व्ही३९ पुरतो. दोन्ही पातळ, यूएसबीवरच चालणारे. पोस्टकार्डाएवढा फोटो ६०० डीपीआयवर घेतला की दुप्पट मोठा छापला तरी चांगला दिसतो. मात्र या स्कॅनरांच्या सेन्सरला काचेला टेकलेलंच नीट दिसतं. कडा वळलेला फोटो असेल तर तिथे तो धूसर येतो. आपल्याकडच्या दमट हवेत फ्रेममधला लग्नाचा फोटो काचेलाच चिकटून बसतो, तो तर यावर नकोच. तसा फोटो ओढून काढू नका, वरचा थरच निघून येतो. काचेसकट स्कॅन करायचा असेल तर सीसीडी सेन्सरवाला स्कॅनर हवा. त्याला काचेपासून दोन-तीन मिलिमीटर वरचंही बऱ्यापैकी स्पष्ट दिसतं. या स्वस्त स्कॅनरांच्या झाकणात दिवा नसतो, म्हणून आरपार प्रकाश लागणाऱ्या निगेटिव्हला ते निरुपयोगी. घरातल्या ऑल-इन-वन प्रिंटरचंही तेच.

आता खरी लढत: एप्सन परफेक्शन व्ही६०० की प्लसटेक ऑप्टिकफिल्म ८२००आय?

व्ही६०० सपाट काचेचा, सीसीडीवाला, झाकणात दिवा असलेला. प्रिंट, ३५ मिमी, स्लाइड, १२०, सगळं घेतो. खोक्यावर ६४०० डीपीआय लिहिलंय, पण चाचण्यांत प्रत्यक्ष तपशील १५००-१६०० च्या आसपासच मिळतो. ३५ मिमीच्या छोट्या फ्रेममधून त्यामुळे जेमतेम साडेतीन मेगापिक्सेलचा ऐवज हाती येतो. व्हॉट्सअॅपवर पाठवायला ठीक, भिंतीवर लावायला तोकडा. पण हाच आकडा १२० च्या चौरस निगेटिव्हला लावा: सुमारे बारा मेगापिक्सेल! क्लिक थ्रीची साधी भिंग लक्षात घेता त्यापेक्षा जास्त तपशील त्या फिल्मवर असण्याची शक्यता कमीच.

प्लसटेकवर खोक्यात लिहिलेले ७२००, प्रत्यक्षात ३२०० च्या घरात. ३५ मिमीमधून चौदा मेगापिक्सेलच्या आसपास, म्हणजे व्ही६०० च्या चौपट. रंगीत रोल आणि स्लाइडचा ढीग असेल तर डोळे झाकून हाच घ्या. मात्र १२० चा रोल यात शिरतच नाही, प्रिंटही नाही. शिवाय प्रत्येक फ्रेम हाताने पुढे सरकवावी लागते. रविवारची दुपार त्यातच जाते, हे गृहीत धरा.

स्कॅनमधली धूळ आणि ओरखडे इन्फ्रारेडने (डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाने) ओळखून पुसण्याची सोय दोघांतही आहे. रंगीत निगेटिव्हवर ती कमाल करते. पारंपरिक कृष्णधवल फिल्मवर मात्र ती बंदच ठेवा. तिथलं चित्र चांदीचं, आणि चांदी इन्फ्रारेड अडवते, म्हणून स्कॅनर चेहऱ्यालाच धूळ समजून पुसायला लागतो. त्यामुळे डबा कृष्णधवल निगेटिव्हचाच असेल तर इन्फ्रारेडसाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही. प्लसटेकचाच ८१०० त्या सोयीविना मिळतो. कृष्णधवल फिल्मसाठी ब्लोअर आणि मऊ ब्रश हीच खरी सोय. बुरशी आलेली पट्टी पाण्याने पुसायच्या फंदात पडू नका.

कोडॅकचा स्लाइड एन स्कॅन बराच स्वस्त आणि झटपट. स्क्रीनवर फोटो लगेच दिसतो, आजी-आजोबांना दाखवायला मजा येते. पण तो मुळात छोटा कॅमेरा आहे. जेपीईजीच (तपशील गाळून लहान केलेली फाइल) देतो, धूळ पुसत नाही, १२० घेत नाही. कुठल्या पट्टीत काय आहे ते चाळायला ठेवा, जतन करायला नको.

माझं मत: मिश्र डबा असेल तर व्ही६००, निव्वळ ३५ मिमी असेल तर प्लसटेक. दोनच रोल असतील तर काहीच विकत घेऊ नका, लॅबला द्या. आणि जुन्या बाजारात निकॉनचा कूलस्कॅन हा जुना फिल्म स्कॅनर स्वस्तात दिसला तर हुरळण्याआधी एक लक्षात घ्या: कंपनीचं सॉफ्टवेअर आजच्या संगणकावर चालत नाही, त्यासाठी व्ह्यूस्कॅनसारखा प्रोग्राम वेगळा घ्यावा लागतो. विकणाऱ्याला तुमच्यासमोर एक फ्रेम स्कॅन करून दाखवायला सांगा.