२८० रुपयांचा यूएसबीएएसपी आणि त्याच्याबरोबर आलेली ती केबल (आठ महिन्यांनंतर)

परवा रात्री साडेअकराला परत तोच मेसेज आला, टार्गेट डझन्ट आन्सर, म्हणजे चिप उत्तरच देत नाही, आणि मी ठरवलं की आता लिहायचंच. आठ महिन्यांत या मेसेजनं माझं जेवढं डोकं खाल्लंय तेवढं कुणीच नाही. एव्हीआरड्यूडच्या (कॉम्प्युटरवरून चिपेत कोड पाठवणारं सॉफ्टवेअर) जुन्या व्हर्जनमध्ये तर त्या ओळीत प्रोग्रॅमच्या स्पेलिंगमध्ये शेवटी दोन एम आहेत, म्हणजे आपल्याला चुकलास म्हणणारा स्वतःच चुकलाय.

यूएसबीएएसपी म्हणजे कॉम्प्युटरच्या यूएसबीला लावून चिपेत कोड टाकायचा छोटा प्रोग्रॅमर, जास्त सांगत बसत नाही. एवढंच की मूळ डिझाइन थॉमस फिशल यांचं, ओपन सोर्स, आत एक एटीमेगा ८ बसलेला आणि तोच सॉफ्टवेअरनं यूएसबी बोलतो. आपल्याला बाजारात मिळतो तो क्लोन, म्हणजे नक्कल. मी पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास घेतला, २८० रुपये, त्यात दहा वायरची एफआरसी केबल (चपटी, पट्टीसारखी) फुकट. ही फुकट केबल लक्षात ठेवा.

माझं काम म्हणजे सोसायटीतल्या लोकांना टाकीचे कंट्रोलर करून देणं. खालची टाकी भरली, वरची रिकामी, की मोटर चालू. चिप एटीमेगा ३२८पी, झीरो पीसीबी, एक रिले, तीन सेन्सरच्या वायरी, बस. आधी मी आर्डुइनो उनो बोर्डातच चिप बसवून कोड टाकायचो आणि काढून घ्यायचो, पण दर वेळी पेचकसानं उचकटून पिना वाकतात, म्हणून प्रोग्रॅमर.

पहिल्याच दिवशी नवी कोरी चिप बेसमध्ये बसवली, १७ नंबरला मोसी (चिपेकडे जाणारा डेटा), १८ ला मिसो (चिपेकडून येणारा), १९ ला एससीके (बोलण्याचा ठेका), १ ला रिसेट, ७ आणि २० ला पाच व्होल्ट, ८ आणि २२ ग्राउंड. तीन वेळा तपासलं. ड्रायव्हरची भानगड झॅडिग नावाच्या सॉफ्टवेअरनं पाच मिनिटांत मिटली (विंडोजवाल्यांनो, तिथं घाबरू नका). आणि मग, टार्गेट डझन्ट आन्सर. दुसरी चिप, तेच. उनो बोर्डातच बसलेल्या जुन्या चिपेला वायरी लावल्या तर ती लगेच चालली! मग माझा निष्कर्ष अर्थातच असा की दुकानदारानं डुप्लिकेट चिपा गळ्यात मारल्या.

दुसऱ्या दिवशी हाफ डे टाकून दुकानात. शेठ म्हणाले, "साहेब, आमच्याकडून शाळा-कॉलेजवाले शेकड्यानं नेतात, एक तक्रार नाही." मी म्हणालो, "मग माझ्यासमोर चालवून दाखवा." ते म्हणाले आम्ही विकतो, चालवत नाही. शेवटी दोन्ही चिपा बदलून दिल्या, तोंड वाकडं करून. घरी आलो, त्याही तशाच मेलेल्या. तेव्हा मी या प्रोग्रॅमरला एक स्टार देऊन मोठ्ठा परिच्छेद लिहिला होता, तो तुम्ही कुठं वाचला असेल तर विसरून जा, कारण चूक चिपेची नव्हती, शेठची नव्हती आणि अर्धी चूक माझी होती.

झालं असं होतं की नवी ३२८पी कारखान्यातून येते ती आतल्या ८ मेगाहर्ट्झच्या घड्याळावर, पण ८ नं भागायचा फ्यूज (चिपेतली कायमची सेटिंग) लावलेला असतो, म्हणजे प्रत्यक्षात ती १ मेगाहर्ट्झवर पळते. आणि प्रोग्रॅमरचा एससीके, म्हणजे बोलण्याचा वेग, चिपेच्या घड्याळाच्या चौथाईपेक्षा कमी लागतो. म्हणजे २५० किलोहर्ट्झच्या खाली. हा गडी डीफॉल्टला ३७५ नं बोलतो. उनोतली चिप १६ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवर, तिला हा वेग म्हणजे काहीच नाही, नवीन बिचारीला मात्र एक अक्षर कळत नाही. म्हाताऱ्या माणसाशी भरभर बोलायचं आणि वर म्हणायचं बहिरा आहे.

इलाज सोपा, कमांडमध्ये मायनस बी १० टाका, वेग कमी होतो. टाकलं. तर वॉर्निंग, कॅनॉट सेट एससीके पीरियड, फर्मवेअर अपडेट बघा. म्हणजे क्लोनवाल्यानं प्रोग्रॅमरच्या आत जुनं फर्मवेअर (त्याचा स्वतःचा कोड) भरलेलं, त्याला वेग बदला म्हटलेलं समजतच नाही. ठीक, मग वेग कमी करायला स्लो एससीकेचा जम्पर (दोन पिना जोडणारी टोपी) असतो, जेपी ३. तो शोधला तर बोर्डावर नुसती दोन भोकं! पिना लावलेल्याच नाहीत. दोन बर्गच्या पिना, किती वाचले असतील हो? दहा पैसे?

बर्गस्ट्रिपचे दोन दात तोडले, भोकांत सोल्डर केले, जुन्या हार्ड डिस्कवरचा जम्पर काढून लावला. एंटर. सिग्नेचर, म्हणजे चिपेचा ओळख नंबर, १ई ९५ ०एफ. मी खुर्चीतून उठलोच. बायको म्हणाली "काय, लागली का लॉटरी", म्हटलं त्याहून भारी.

जम्पर लावल्यावर वेग ८ किलोहर्ट्झ होतो, हे फार हळू. माझ्या सहा केबीच्या कोडला अर्ध्या मिनिटाच्या आसपास लिहायला आणि परत तेवढंच व्हेरिफायला. पण हे एकदाच सोसायचं, आधी फक्त लो फ्यूज ६२ चा ई२ करायचा, भागाकार गेला, चिप ८ मेगाहर्ट्झवर आली, मग जम्पर काढून पूर्ण वेगात कोड टाका. फ्यूज लिहिताना मात्र चहा पिऊन, शांतपणे. मी एकदा घाईत बाहेरच्या क्रिस्टलचा फ्यूज टाकला, बोर्डावर क्रिस्टल नव्हताच, चिप गप्प. उनोच्या एका पिनेवरून घड्याळ काढून ९ नंबरच्या पिनेला दिलं तेव्हा परत शुद्धीवर आली. रिसेट बंद करायचा फ्यूज टाकला असता तर हे पण चाललं नसतं, त्याला १२ व्होल्टवाला वेगळा प्रोग्रॅमर लागतो.

पुढच्या रविवारी फर्मवेअर पण अपडेट केलं. त्याला दुसरा प्रोग्रॅमर लागतो, म्हणजे उनोवर आर्डुइनो आयएसपीचं स्केच (उनोलाच प्रोग्रॅमर बनवणारा कोड) टाकायचं, उनोच्या रिसेट आणि ग्राउंडमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, यूएसबीएएसपीवर जेपी २ (स्वतःत कोड घ्यायचा जम्पर) जोडायचा आणि २०११ चं फर्मवेअर आतल्या एटीमेगा ८ मध्ये. म्हणजे प्रोग्रॅमरला प्रोग्रॅम करायला प्रोग्रॅमर. पण त्यानंतर मायनस बी चालायला लागलं, जम्पर ड्रॉवरमध्ये गेला. तेव्हा मी एक स्टारचे चार केले होते.

पण गाडी परत घसरायची होती.

चौथ्या-पाचव्या महिन्यापासून विचित्र चालू झालं. एकदा सिग्नेचर बरोबर, एकदा शून्य शून्य शून्य, एकदा एफएफ एफएफ एफएफ. कधी कोड लिहून व्हायचा आणि व्हेरिफायला मिसमॅच, दर वेळी वेगळ्या बाइटवर. मध्येच एक सिग्नेचर १ई ९५ १४ आली तर मला वाटलं हीपण तीच भानगड, पण ती चिप खरोखरच पी नसलेली ३२८ होती, शेठनी मिक्स दिलेली. कमांडमध्ये पार्टचं नाव बदललं, काम झालं. त्या एका चिपेमुळे मी दोन दिवस चुकीच्या दिशेनं शोधत राहिलो.

त्यातच देशपांडे काकूंचा बोर्ड. त्यात मी रिलेचा ट्रान्झिस्टर नेमका मोसीच्या पिनेवर टाकून ठेवला होता, कारण झीरो पीसीबीवर ती पिन जवळ पडत होती. कोड टाकायला लागलो की रिले टकटकटकटक, सुगरणीच्या लाटण्यासारखा, आणि प्रत्येक टकला सत्तर मिलीअँप खेचणार, यूएसबीचे पाच व्होल्ट हलणार, चिप रिसेट, एरर. मोटरची वायर काढलेली होती म्हणून बरं, नाहीतर काकूंची मोटरच नाचली असती. रिले पीडी २ या दुसऱ्या पिनेवर हलवला, एकदम शांत. नवीन बोर्ड करणाऱ्यांनी मोसी, मिसो, एससीके या तीन पिनांवर रिले टाकूच नका, जवळ पडते म्हणून तर मुळीच नाही.

रिले गेला तरी मधूनमधून एरर राहिलाच. १०४ चे कपॅसिटर लावले, यूएसबी पोर्ट बदलला, लॅपटॉप बदलला (भाच्याचा आणला), नवीन चिप, नवीन बेस. मायनस बी १० चा ५० केला, मग २००. हळू बोलून पण ऐकू येईना.

आणि परवा रात्री मी केबल हातात धरली होती आणि नुसता अंगठा कनेक्टरच्या कडेवर दाबला गेला, आणि चिप बोलली. अंगठा काढला, गप्प. दाबला, बोलली. बारा वाजता मी अंगठा दाबून बसलो होतो आणि दुसऱ्या हातानं एंटर मारत होतो.

मल्टिमीटर बीपवर टाकून एकेक वायर तपासली. नऊ नंबरची, म्हणजे मिसो, सरळ धरली की बीप, जरा वाकवली की नाही. कनेक्टरवरची काळी पट्टी नखानं उचकटली तर कळलं, केबल तिरकी दाबलीय. आतले दात वायरच्या मधोमध बसायला हवेत, इथं लाल पट्टीच्या बाजूला बरोबर आणि दुसऱ्या टोकाला जाता जाता किंचित सरकलेली. नववीच्या तांब्याच्या सात बारीक तारांपैकी दोनच दाताला लागत होत्या. वर आणखी एक, माझ्या क्लोनमध्ये ४ आणि ६ नंबर ग्राउंडला बीपच देत नाहीत, फक्त ८ आणि १०, म्हणजे ग्राउंडच्या पण दोनच वायरी आणि त्या नेमक्या त्याच सरकलेल्या टोकाला.

जवळजवळ चार महिने. या केबलपायी मी भाच्याचा लॅपटॉप मागितला, शेठशी परत एकदा वाजवलं (माफ करा शेठ, दुसऱ्यांदा पण तुमची चूक नव्हती, म्हणजे केबल तुम्हीच दिलीत पण दाबली तुम्ही नाही).

नवी केबल आरामात मिळाली असती, पण २८० च्या वस्तूवर आणखी खर्च का करू? माळ्यावर जुन्या पीसीची हार्ड डिस्कची केबल होती, ४० वायरची. त्यातल्या दहा वायरी कडेनं फाडून घेतल्या, सरळ फाटतात, कापडासारख्या. ८० वायरवाली घेऊ नका, ती बारीक असते, दातांवर बसत नाही. दोन एफआरसी कनेक्टर मात्र विकत आणावे लागले. दाबायला पक्कड वापरायची नाही, पकडीनंच तिरकं होतं. मावसभावाच्या गॅरेजमध्ये व्हाइस आहे, त्यात दोन पुठ्ठ्यांमध्ये धरून हळूहळू आवळलं, कट् कट् असा आवाज आला की बसलं. तो म्हणाला, "एवढ्याशा वायरीसाठी स्कूटर काढून आलास?" लांबी पण अर्धी केली, वीतभर. आता हलवून, वाकवून, केबल धरून प्रोग्रॅमर हवेत लटकवून पण बघितला, सलग अकरा चिपा, एकही एरर नाही.

तर प्रोग्रॅमरला चार स्टार. अर्धा कापलाय दोन भोकांबद्दल, अर्धा त्या जुन्या फर्मवेअरबद्दल. कंपनीचे डीबगरसकट येणारे चांगले असतील, पण त्यांची किंमत हजारांत आणि माझा एक कंट्रोलर जातो नऊशेला, त्यातले दोनशे तर काकू कमीच करतात.

काल कनेक्टर आणायला गेलो तेव्हा शेठकडे आणखी एक यूएसबीएएसपी घेतला, असू दे जास्तीचा म्हणून. पिशवीत परत तीच केबल. शेठ बघत असतानाच काढली आणि काउंटरवर ठेवून आलो.